किराणा आणि काडतुसं एकाच छपराखाली: गिऱ्हाईक म्हणून तुम्ही काय ठरवलंत?

अबोली_टेक्सास

गेल्या शनिवारी लेकाच्या शाळेची खरेदी करायला वॉलमार्ट या मोठ्या साखळी दुकानात गेले होते. वह्या, पेन्सिली, गोंदाच्या कांड्या, फायली, सगळी यादी हातात. खेळाच्या सामानाच्या रांगेतून सायकलच्या पंपाकडे जाताना लेक (वय ११) थांबला आणि काचेच्या कपाटाकडे बोट दाखवून म्हणाला, "आई, ह्या खऱ्या आहेत?" कपाटात रायफली होत्या, शेजारच्या कुलूपबंद कपाटात काडतुसांच्या पेट्या. मी हो म्हटलं आणि पुढे चालू लागले. गाडीत बसल्यावर त्याने दुसरा प्रश्न विचारला, "मग आपण इथे का येतो?" त्याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं, म्हणून हा धागा.

आम्ही डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरात सतरा वर्षं राहतोय. ३ ऑगस्ट २०१९ ला आपल्याच राज्यात मेक्सिकोच्या सीमेवर असलेल्या एल पासो शहरातल्या वॉलमार्टमध्ये गोळीबार करणारा तरुण आमच्या शेजारच्या ॲलन गावातून रात्रभर गाडी चालवत तिथे गेला होता. तोही शाळेच्या खरेदीचाच शनिवार होता. २३ माणसं गेली. मे २०२३ मध्ये त्याच ॲलनच्या आउटलेट मॉलमध्ये आठ जणांचा जीव गेला, त्यात भारतातून आलेली एक तरुण इंजिनियर मुलगी होती. आमच्या कॉलनीतली अर्धी कुटुंबं त्या मॉलला दर सुट्टीत जातात. आम्हीसुद्धा.

एल पासोनंतर महिनाभराने, ३ सप्टेंबर २०१९ ला वॉलमार्टचे तेव्हाचे मुख्याधिकारी डग मॅकमिलन यांनी जाहीर केलं की पिस्तुलाची काडतुसं आणि लष्करी धाटणीच्या रायफलींत चालणारी .२२३ आणि ५.५६ ही काडतुसं असलेला साठा संपला की विकणार नाही. अलास्कात तेवढी पिस्तुलं विकत होते, तीही बंद. आणि गिऱ्हाइकांनी दुकानात बंदूक उघडी लावून येऊ नये अशी विनंती. हरणाच्या शिकारीच्या रायफली, छऱ्याच्या बंदुका आणि त्यांची काडतुसं मात्र चालू राहिली. काडतुसांच्या बाजारातला आपला वाटा सुमारे २० टक्क्यांवरून ६ ते ९ टक्क्यांवर येईल, असा अंदाज त्यांनीच दिला होता. वाचून मला बरं वाटलं होतं. मग सहा वर्षं मी त्याचा विचारच केला नाही, थेट लेकाने विचारेपर्यंत.

तर विचारायचं आहे ते एवढंच. तुम्ही जिथे दूध-भाजी घेता त्या दुकानात बंदुका आणि काडतुसं विकली जातात, याने तुम्हाला फरक पडतो का? दुकान बदललंत का? बदलून काही झालं का? कृपया बंदूक चांगली की वाईट या वादात धागा अडकवू नका. मला गिऱ्हाइकाबद्दल बोलायचंय.

---

मंदार_गावाबाहेर

स्पष्ट सांगतो. आमच्या गावात मोठं दुकान एकच आहे. दुसरं ३८ मैलांवर. एका पगारात चार माणसं, त्यात एक डायपरमधलं. निवड ही चैन आहे ताई. शहरातल्या लोकांना ती परवडते.

---

अबोली_टेक्सास

@मंदार, मान्य. तुमच्याकडून बहिष्काराची अपेक्षा करणं बरोबर होणार नाही. पण मनात प्रश्न येतो का, हे तरी सांगा.

---

मंदार_गावाबाहेर

येतो. पोराला घेऊन त्या रांगेतून जात नाही, वळसा घालतो. एवढंच करतो.

---

वनवासी_पेनसिल्वेनिया

मी शिकार करतो. हे इथे लिहायला थोडं अवघड वाटतंय, कारण मागे एकदा लिहिलं होतं तेव्हा दोघांनी माझ्याशी बोलणं सोडलं. पण धागाकर्तीने नीट प्रश्न विचारलाय, तर नीट उत्तर देतो.

मी राज्याच्या मधोमध, डोंगरात राहतो. थँक्सगिव्हिंगनंतरच्या (नोव्हेंबरअखेरच्या सणानंतरच्या) शनिवारी रायफलने हरण मारण्याचा हंगाम उघडतो. पूर्वी तो सोमवारी उघडायचा आणि त्या दिवशी शाळांना सुट्टी असायची, इतका तो इथल्या लोकांचा सण आहे. गावातली माणसं केशरी जाकिटं घालून पहाटे चारला कॉफीच्या रांगेत उभी असतात. माझ्या शेजारच्या म्हाताऱ्याने मला शिकवलं. सक्तीचा अभ्यासवर्ग केला, परीक्षा दिली, परवाना काढला. दरवर्षी एक हरण. अर्धं मांस आमच्या फ्रीजरमध्ये, अर्धं गावातल्या अन्नछत्राला.

तो परवाना मी कुठे काढतो? मोठ्या दुकानाच्या खेळाच्या काउंटरवर. काडतुसं तिथेच, हातमोजे तिथेच, थर्मासही तिथेच. वॉलमार्टसारख्यांनी हे सामान ठेवलं ते गावाकडच्या गिऱ्हाइकासाठी. त्यांची सुरुवात आर्कन्सातल्या छोट्या गावांतली. तिथे मासेमारीचा गळ आणि रायफल हे शेतीच्या अवजारांइतकंच रोजचं सामान. हे समजून घेतलं नाही तर ते कपाट तुम्हाला कायम परकंच वाटणार.

आता गिऱ्हाईक म्हणून माझं मत. केंद्राच्या कायद्यानुसार परवानाधारक दुकानदाराने बंदूक विकण्याआधी फॉर्म ४४७३ भरून घ्यायचा आणि एफबीआयच्या यंत्रणेकडून तपासणी करायची. १९९८ पासून ही यंत्रणा चालू आहे. पण तीन कामाच्या दिवसांत उत्तर आलं नाही तर दुकानदाराला बंदूक देता येते. २०१५ मध्ये चार्ल्स्टनच्या चर्चमध्ये नऊ जणांना मारणाऱ्याने बंदूक मिळवली ती नेमकी याच फटीतून. वॉलमार्ट काय करतं? होकार आल्याशिवाय बंदूक देतच नाही, मग तीन दिवस होवोत की तीस. २००८ पासून विक्रीचं चित्रीकरण करतात. पिस्तुलं त्यांनी अलास्का सोडून १९९३ मध्येच बंद केली. एआर-१५ धाटणीच्या, म्हणजे लष्करी रायफलींसारख्या दिसणाऱ्या रायफली २०१५ मध्ये, आणि २०१८ मध्ये वयाची अट २१ केली, कायदा रायफलीला १८ म्हणत असताना.

म्हणजे कायद्यापेक्षा कडक असलेलं दुकान तुम्ही सोडणार. बरं, मग ती बंदूक कुठे विकली जाईल? कोपऱ्यावरच्या दुकानात, जिथे चौथ्या दिवशी देतात. किंवा जत्रेसारखं प्रदर्शन भरतं तिथे खासगी माणसाकडून, जिथे केंद्राच्या कायद्याने तपासणीच लागत नाही. अबोली, तुमच्या लेकाला मी सांगितलं असतं की आपण इथे येतो कारण हे लोक विचारपूस करतात.

---

चिमणी_उडाली

वाचतेय. वनवासी, लिहिल्याबद्दल आभार. मी त्या दोघांपैकी नव्हते.

---

अबोली_टेक्सास

वनवासी, तीन दिवसांचं मला ठाऊक नव्हतं. खरंच नव्हतं. इतकी वर्षं "विकतात" आणि "विकत नाहीत" अशा दोनच खणांत मी दुकानं टाकत होते.

पण एक गोष्ट अजूनही टोचते. हे सगळं त्यांनी केलं ते प्रत्येक वेळी कोणीतरी मेल्यानंतर. २०१८ चा निर्णय फ्लोरिडातल्या पार्कलंडच्या शाळेत १७ जण गेल्यावर. २०१९ चा एल पासोनंतर, आणि त्याआधी चारच दिवस मिसिसिपीतल्या साउथहेवनला त्यांच्याच दुकानात दोन कर्मचारी मारले गेले होते. आधी का नाही?

---

आकडेमोड

कारण आधी मागणारं कोणी नव्हतं. इथे गिऱ्हाइकाचा इतिहास थोडा बघू, म्हणजे "बदलून काही होतं का" याचं उत्तर मिळेल.

वॉलमार्टसारखीच जुनी साखळी, केमार्ट, आठवतंय? १९९९ मध्ये कोलंबाइनच्या शाळेत गोळीबार झाला, त्यातल्या गोळ्या केमार्टमधून घेतलेल्या होत्या. २००१ मध्ये जखमी झालेली दोन मुलं, अंगात अजून त्या गोळ्यांचे तुकडे घेऊन, मिशिगनमधल्या केमार्टच्या मुख्यालयात गेली, सोबत कॅमेरा होता. केमार्टने पिस्तुलाची काडतुसं ९० दिवसांत बंद करण्याचं जाहीर केलं. दोन मुलांनी दारात उभं राहून विचारलं म्हणून हे झालं.

पुढे २०१४. टेक्सासमध्ये काही लोक खांद्यावर रायफली अडकवून टार्गेटच्या दुकानांत फिरत होते, फोटो काढत होते. सँडी हुकच्या प्राथमिक शाळेतल्या २०१२ च्या गोळीबारानंतर उभी राहिलेली आयांची संघटना मॉम्स डिमांड ॲक्शन हिने तेच फोटो पसरवले आणि विचारलं की आमच्या मुलांच्या खेळण्यांच्या रांगेत हे चालणार का? टार्गेट बंदुका विकतही नाही. तरी २ जुलै २०१४ ला त्यांनी लोकांना बंदुका न आणण्याची विनंती केली. हे आयांनीच घडवलं, कारण टार्गेटचं गिऱ्हाईक म्हणजे आयाच.

आणि आता मला सर्वात महत्त्वाचं वाटणारं उदाहरण, डिक्स स्पोर्टिंग गुड्स. १९४८ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या बिंगहॅम्टनला गळ आणि आमिष विकणारं दुकान म्हणून सुरू झालं, आता देशभर शेकडो दुकानं. पार्कलंडनंतर त्यांचे तेव्हाचे प्रमुख एड स्टॅक यांनी आपल्या नोंदी तपासायला लावल्या. त्या हल्लेखोराला डिक्सने एक छऱ्याची बंदूक विकली होती. सगळे कागद बरोबर, कायदा पाळलेला, आणि हल्ल्यात वापरलेली बंदूक ती नव्हती. तरी २८ फेब्रुवारी २०१८ ला त्यांनी लष्करी धाटणीच्या रायफली कायमच्या बंद केल्या, वयाची अट २१ केली. उरलेल्या सुमारे ५० लाख डॉलरच्या रायफली परत न पाठवता मोडून भंगारात काढल्या.

फटका बसला. शिकारी गिऱ्हाईक गेलं, काही कर्मचारी सोडून गेले, बंदुका बनवणाऱ्या स्प्रिंगफील्ड आर्मरीने संबंध तोडले, व्यापारी संघटनेने बाहेर काढलं. स्टॅक यांनी नुकसान सुमारे २५ कोटी डॉलर सांगितलं. वर्षाची उलाढाल ८४० कोटी डॉलरच्या आसपास. म्हणजे तीन टक्के. एवढ्याने कंपनी बुडत नाही, पण कुठल्याही संचालकाची झोप उडवायला पुरे. आणि पुढच्या वर्षी विक्री परत चढली. त्यांनी शिकारीचा विभागच बहुतेक दुकानांतून काढला, त्या जागी त्या त्या गावात खपणारं सामान ठेवलं.

यातून मी काढलेला अर्थ: रागावलेलं गिऱ्हाईक लगेच जातं आणि ते मोजता येतं. समाधानी गिऱ्हाईक हळूहळू येतं आणि कुठल्या निर्णयामुळे आलं ते कळत नाही. म्हणून दुकानदार घाबरतात. ज्याला अशा निर्णयाने बरं वाटलं त्याने ते लिहून कळवायला हवं. अबोली, २०१९ मध्ये तुम्हाला बरं वाटलं होतं म्हणता. कळवलं होतंत का?

---

अबोली_टेक्सास

नाही.

---

बायू_काठ

मला दुसरी बाजू लिहायची आहे आणि शांतपणे लिहायची आहे.

मी ह्यूस्टनजवळ राहतो. २०१६ मध्ये आम्ही एका लग्नाला गेलो असताना घर फुटलं. त्या वर्षी आमच्या भागात भारतीय घरंच फुटत होती, कारण सगळ्यांना माहीत की यांच्याकडे सोनं असतं. आईने आजीकडून आणलेल्या पाटल्या गेल्या. बायको दोन महिने दिवा लावून झोपायची. त्यानंतर मी पिस्तूल घेतलं, प्रशिक्षण घेतलं, परवाना घेतला, घरात तिजोरी बसवली. महिन्यातून एकदा सरावाला जातो. त्यासाठी ९ मिलिमीटरची काडतुसं लागतात. मी वर्षानुवर्षं ज्या साखळीतून घेत होतो, तिथे एक दिवस ती बंद झाली.

मला राग काडतुसांचा नव्हता, ती दुसरीकडे मिळतात. राग याचा आला की मी सगळे नियम पाळणारा माणूस, आणि मला हल्लेखोराच्या रांगेत उभं केलं. एल पासोच्या माणसाने ना बंदूक त्या दुकानातून घेतली होती ना गोळ्या. मग माझी काडतुसं बंद करून कोणाचा जीव वाचला? दुकानदाराने विकायचं ते विकावं, कायदा करायचं काम निवडून दिलेल्यांचं. तेव्हापासून मी तिथून किराणाही घेत नाही. अबोलीताई, तुमच्यासारखाच मीही गिऱ्हाईक आहे आणि मीही दुकान बदललं. तुमच्या उलट कारणासाठी.

---

अबोली_टेक्सास

बायू_काठ, तुमच्या घराचं वाचून वाईट वाटलं. आमच्या ओळखीत दोन घरं तशीच फुटली आहेत.

तुमचा प्रश्न मी टाळणार नाही. कोणाचा जीव वाचला हे मला सांगता येणार नाही. पण निवडून दिलेल्यांनी करावं म्हणता, ते करत नाहीत म्हणूनच लोक दुकानदाराकडे वळले ना? आपल्या राज्यात तर २०२१ पासून परवाना नसतानाही पिस्तूल बाळगून फिरता येतं. २००५ च्या केंद्रीय कायद्याने बंदूक बनवणाऱ्या आणि विकणाऱ्यांवर बहुतेक दावेही चालत नाहीत. मतपेटी अडली, न्यायालयाचं दार अर्धं बंद. उरला गल्ला. मी तिथे उभी राहून बोलतेय, कारण बाकी कुठे माझं ऐकू जात नाही.

---

एच१बी_नवखा

थोडं अवांतर. मी दीड वर्षापूर्वी आलो. इथे कोणीही आत जाऊन बंदूक विकत घेऊ शकतं असं ऐकलं होतं. माझ्यासारख्याला पण देतात का? घ्यायची नाहीये, फक्त माहिती.

---

वनवासी_पेनसिल्वेनिया

@नवखा, नाही. तात्पुरत्या व्हिसावर असलेल्याला बंदूक किंवा काडतूस घेणं तर सोडाच, जवळ बाळगणंही केंद्राच्या कायद्याने गुन्हा आहे. अपवाद आहेत, त्यातला एक म्हणजे कुठल्याही राज्याचा चालू शिकारीचा परवाना. तो असला तर चालतं. ग्रीन कार्ड असलेल्यांना ही बंदी नाही. मित्राच्या सोबत सहज म्हणून रेंजवर जाण्याआधी वकिलाला विचार. व्हिसाचं प्रकरण आहे, गंमत नाही.

---

कुडाळचो_झील

नमस्कार मंडळी, मी अमेरिकेत नाय, सिंधुदुर्गात. पण धागा वाचून राहावलं नाही.

आमच्याकडे शेतीसंरक्षणाची बंदूक असते. रानडुकरं, वानर, माकडं. एका रात्रीत डुकरांचा कळप भाताची वाट लावतो. आमच्या आजोबांची ठासणीची होती, आता काडतुसाची. परवाना जिल्हाधिकारी कार्यालयातून, पोलिसांचा दाखला, सातबारा, नूतनीकरण, हेलपाटे. काडतुसं किती घ्यायची ते परवान्यावर ठरलेलं आणि घेतलेली नोंदवायची. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा. २०२४ ची विधानसभा ऐन भातकापणीच्या दिवसांत आली, शेतकरी वैतागले होते.

म्हणजे आमच्याकडे बंदुकीचा सगळा व्यवहार माणूस आणि सरकार यांच्यामध्ये. दुकानदार मध्ये जवळजवळ नाहीच. त्याला फक्त कागद बघायचा. तुमच्याकडे सरकारने हात मागे घेतले आणि ते ओझं काउंटरवरच्या माणसावर येऊन पडलं, असं मला वाचताना वाटलं. तो काउंटरवरचा माणूस कोण असतो? त्याला पगार किती? त्याला कोणी शिकवतं का?

---

सुलभामावशी_ओहायो

कुडाळच्या बाळा, तो माणूस मी होते.

नवरा गेल्यावर मी एका मोठ्या दुकानात लागले. नाव लिहीत नाही. आधी कपड्यांत, मग माणसं कमी म्हणून खेळाच्या विभागात. वय तेव्हा ५८. आयुष्यात बंदूक हातात धरली नव्हती. संगणकावर शिकवणी झाली, नंतर एक दिवस जुन्या माणसासोबत. मग पट्ट्याला किल्ल्या.

लोकांना वाटतं काउंटरवरचं माणूस फक्त बटणं दाबतं. तसं नाही. फॉर्मवर एक प्रश्न असतो, ही बंदूक तुम्ही स्वतःसाठी घेताय का? बंदी असलेल्या माणसासाठी दुसऱ्याने घ्यायची, हा इथला जुना गुन्हा आहे. तो फॉर्मवर कधीच दिसत नाही, समोर उभ्या असलेल्या माणसांत दिसतो.

एकदा एक मुलगी आली, पंचविशीतली. सोबत मुलगा. कपाटाकडे बघत होता तो. "ती नाही, ती पलीकडची," म्हणाला तो. वजन कसं आहे विचारलं त्याने. खिशातून पैसे काढून तिच्या हातात दिले त्याने. फॉर्म भरायला बसली ती. तिचा हात थरथरत होता. मी तिला म्हटलं, "तुला हवी आहे का ही?" तिने माझ्याकडे पाहिलंच नाही. मी फॉर्म बाजूला ठेवला आणि म्हटलं, आज विक्री होणार नाही. तो खूप बोलला. माझ्या उच्चारांवरून बोलला, माझ्या देशावरून बोलला. मी किल्ल्या मुठीत धरून उभी होते. पाय लटपटत होते.

त्या दिवशी जो व्यवस्थापक होता तो धावत आला, माझ्या शेजारी उभा राहिला आणि त्यांना म्हणाला की हिने नाही म्हटलंय म्हणजे दुकानाने नाही म्हटलंय. पुढे तो बदलून गेला. नवीन आलेल्याने मला महिन्याभरात दोनदा विचारलं, "इतक्या वेळा नाही का म्हणतेस?" मी परत कपड्यांत बदली मागून घेतली.

काय विकतात ते बघाच. पण काउंटरवरच्याला नाही म्हणायची मुभा आहे का, आणि म्हटल्यावर त्याच्या मागे कोण उभं राहतं, हे आधी विचारा. ते कपाटाकडे बघून कळत नाही.

---

चिमणी_उडाली

मावशी. 🙏

---

बायू_काठ

मावशी, त्या दिवशी तुम्ही केलंत ते आमच्यासारख्या कायदा पाळणाऱ्या बंदूकधारकांनाही हवं असतं. मला तुमच्यासारख्या काउंटरवरून खरेदी करायला आवडलं असतं.

---

ओझार्क_वारा

मी एका किरकोळ साखळीसाठी पुरवठ्याचं सॉफ्टवेअर लिहितो, कंत्राटी. कर्मचारीही या गणितात आहेत, म्हणून लिहितोय. एल पासोनंतर चार-पाच दिवसांत वॉलमार्टच्या कॅलिफोर्नियातल्या सॅन ब्रुनो इथल्या ई-कॉमर्स कार्यालयातल्या काहीजणांनी काम थांबवून बाहेर येऊन निषेध केला होता. बंदूकविक्री थांबवा म्हणून अर्जावर सह्या मागितल्या. कंपनीने लगेच सांगितलं की धोरण बदलणार नाही. महिना पुरा होतो न होतो तोच बदललं. मधल्या काळात ऑगस्टच्या ३१ तारखेला टेक्सासमधल्याच ओडेसा गावचा गोळीबारही झाला, त्यामुळे कशाचा किती परिणाम ते कोणी सांगू शकणार नाही. माझ्याकडे असाच एक अर्ज आला होता. व्हिसा कंत्राटदाराच्या हातात, म्हणून मी सही केली नाही. ती न केलेली सही मला अजून आठवते.

---

सीमेवरची_मेधा

मी एल पासोत शिकवते. अकरा वर्षं.

तुम्ही सगळे "एल पासोनंतर" म्हणता आहात, म्हणून ते दुकान कसं आहे ते सांगते. सिएलो व्हिस्टा मॉलच्या शेजारी, महामार्गाला लागून. शनिवारी सकाळी पार्किंगमध्ये अर्ध्या गाड्यांना मेक्सिकोच्या चिवावा राज्याच्या नंबरपाट्या असतात. पुलापलीकडच्या सियुदाद हुआरेसमधून कुटुंबंच्या कुटुंबं येतात. आजी, नातवंडं, दोन ट्रॉल्या. खरेदी झाली की दारातच काहीतरी खातात. आपल्याकडे तालुक्याच्या बाजाराला जावं तसं. मारले गेलेल्यांत आठजण मेक्सिकोचे नागरिक होते. तो माणूस त्यांच्यासाठीच आला होता, हे त्याने लिहून ठेवलं होतं.

दुकान १४ नोव्हेंबर २०१९ ला परत उघडलं. पार्किंगमध्ये सोनेरी रंगाचं ३० फुटी स्मारक आहे, मेणबत्तीच्या आकाराचं, संध्याकाळी आतून उजळतं. मला वाटलं होतं आता इथे कोणी येणार नाही. मीसुद्धा चार महिने गेले नाही. मग माझ्या एका विद्यार्थिनीने सांगितलं की तिची आजी दर शनिवारी पूल ओलांडून तिथेच येते. आजी म्हणते, आम्ही इथे येऊ नये म्हणूनच तर तो आला होता. मग मी न येऊन कसं चालेल?

त्यानंतर मी जायला लागले. बहिष्कार चुकीचा असं मी म्हणत नाही. पण अबोलीच्या लेकाचा प्रश्न, "आपण इथे का येतो", याला त्या आजीचं उत्तर आहे आणि ते बंदुकांबद्दल नाहीच.

दुकानाने ती काडतुसं बंद केल्याचं तिला माहीतही नव्हतं. मी सांगितलं तेव्हा म्हणाली, बरं केलं, आणि मिरच्या निवडत राहिली.

---

मंदार_गावाबाहेर

हे वाचून थांबलो. नंतर लिहीन.

---

आकडेमोड

एक जोड. मध्यंतरी बँक-कार्डांचाही प्रयत्न झाला. सप्टेंबर २०२२ मध्ये बंदुकांच्या दुकानांसाठी स्वतंत्र व्यापारी सांकेतांक मंजूर झाला, म्हणजे कोणी थोड्या दिवसांत अफाट काडतुसं घेतली तर कार्ड कंपनीला शंका यावी. मार्च २०२३ मध्ये व्हिसा आणि मास्टरकार्डने अंमलबजावणी थांबवली, कारण अनेक राज्यांत विरोधी कायदे येऊ घातले होते. कॅलिफोर्नियाने मात्र तो सक्तीचा केला. पण हे मोठ्या बहुवस्तू दुकानांना तसंही नीट लागू पडलं नसतं. तिथे काडतुसं आणि कोथिंबीर एकाच पावतीवर येतात, आणि सांकेतांक दुकानाला असतो, वस्तूला नाही.

कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून काडतुसांसाठीही तपासणी लागू झाली. तिथले कोणी असतील तर काउंटरवर काय फरक पडला ते लिहा.

---

अबोली_टेक्सास

तीन आठवड्यांनी धागा वर काढतेय. मावशींचं वाचून मी लेकाला घेऊन त्याच दुकानात परत गेले. आधी ठरवलं होतं की एकटीने जावं. पण प्रश्न त्याचा होता.

खेळाच्या काउंटरवर एक गृहस्थ होते, पन्नाशीचे. मी सांगितलं, मला काही घ्यायचं नाही, दोन-तीन गोष्टी विचारायच्या आहेत. तीन दिवसांत होकार आला नाही तर बंदूक देता का? म्हणाले, नाही, होकार आल्याशिवाय नाही. तुम्हाला शंका आली तर विक्री नाकारता येते का? म्हणाले, हो, आणि कारण कोणाला द्यावं लागत नाही. कधी नाकारली आहे? त्यावर ते थोडे थांबले. "दोनदा," म्हणाले. मग त्यांनी लेकाकडे बघून विचारलं की तुझं काय काम आहे. लेक म्हणाला, "काही नाही, मी ऐकतोय."

आणखी एक गोष्ट मी दारातल्या ग्राहक सेवेच्या खिडकीवर विचारली. आपल्या राज्यात दुकानाने ३०.०७ ची पाटी लावली, म्हणजे दंडसंहितेतल्या त्या कलमाचा मजकूर इंग्रजी-स्पॅनिशमध्ये एक इंची अक्षरांत, तर परवानाधारकाने उघडं पिस्तूल घेऊन आत येणं गुन्हा ठरतं. नुसती विनंती केली तर तो गुन्हा ठरत नाही. इथे दारावर ती पाटी नाही. का नाही, हे खिडकीवरच्या मुलीला माहीत नव्हतं. तिने मला मुख्यालयाचा पत्ता छापून दिला. आमच्या बाजूच्या फ्रिस्को आणि प्लेनोला २०२२ मध्ये एच-ई-बी ही टेक्सासची किराणा साखळी आली. त्यांनी २०१६ पासूनच उघडी बंदूक नको म्हणून सांगितलेलं आहे. किराणा आता तिथून घेतेय. शाळेचं सामान, सायकलचा पंप वगैरे जुन्याच दुकानातून.

पत्र लिहिलंय. अर्धं पत्र २०१९ च्या निर्णयाबद्दल आभार मानणारं आहे, सहा वर्षं उशिरा. अर्धं त्या पाटीबद्दल. खाली लेकाने स्वतःची सही केली आहे, मोठ्या अक्षरात.

वनवासी, तुमच्या कोपऱ्यावरच्या दुकानात तुम्ही काउंटरवरचे हेच तीन प्रश्न विचाराल का?

---

वनवासी_पेनसिल्वेनिया

विचारतो. हंगाम उघडायच्या आधी मला तिथे जायचंच आहे. तो मालक माझ्या ओळखीचा, त्याच्या मुलीच्या लग्नाला गेलो होतो, त्यामुळे जरा अवघड जाईल. चौथ्या दिवशी देतो की थांबतो, ते विचारून इथे लिहितो.